मासे जगले, गोगलगायी मेल्या

"मेलेल्याकडं मग बघ, देविदास. आधी जिवंत किती ते मोज."

देवणीच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर शिवप्पा जाऊन सात वर्षं झाली, तरी कंपाउंडर देविदासच्या कानातून हे बोल गेले नव्हते. गोठ्यात जनावर पडलं की माणसं त्याच्याभोवती गोळा व्हायची. डॉक्टर मात्र उरलेल्या जनावरांचे कान-डोळे बघत फिरायचे. आता त्याच डॉक्टरांची लेक रुद्राणी लातुरात खासगी तपासाची कामं घेत होती आणि निवृत्त देविदास तिची वही सांभाळत होता.

म्हणून दानम्माच्या दिवाणखान्यात शिरल्या शिरल्या त्यानं काचेला नाक लावून मोजायला सुरुवात केली.

सहा फुटी काचपेटी. बाहेर त्रेचाळीस अंशांचं ऊन, नळ महिनाभर कोरडा, शहराला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि इथं घरात समुद्र! दानम्माच्या नवऱ्यानं, रेवणसिद्धनं, तो अकरा वर्षांपूर्वी मांडलेला. गेल्या साली रेवणसिद्ध गेला. तेव्हापासून पेटीची उस्तवार दानम्मा एकटी करत होती.

"मासे सहाच्या सहा जिवंत," देविदासनं लिहिलं. "कोळंब्या दोन, दोन्ही खलास. गोगलगायी चौदा, चौदाही खलास. प्रवाळ सगळे मिटलेले. आणि हे फुलासारखं काय..."

"समुद्रफूल," दानम्मा म्हणाली. "सकाळी ताटाएवढं होतं. आता लिंबाएवढं झालंय. ह्यांनी नखाएवढं आणलं होतं, बाई. एवढं वाचवा."

"झालं काय ते पहिल्यापासून सांगा," रुद्राणी म्हणाली. तिचा सोमवारचा कडक उपास होता, दानम्मानं पुढं केलेलं पाणीही तिनं हात जोडून परत केलं होतं.

"तळाची वाळू कुजून काळी पडली होती. म्हणून काल सगळी पेटी उपसली. दगड, प्रवाळ, मासे टबात काढले, नवी वाळू घातली, परत सगळं लावलं. ज्ञानोबानं केलं. तो ह्यांच्या वेळेपासून पेटी बघतो. पेटी थोडी उणी ठेवली. वर घालायचं दोन-तीन बादल्या नवं पाणी निळ्या पिंपात मीठ कालवून झाकून ठेवलं. म्हणाला, 'वहिनी, सकाळपर्यंत मुरू द्या, मग मगानं हळूहळू घाला, मी नांदेडला चाललो.' साडेसातला मी घातलं. दहाला कोळंब्या आडव्या!"

"पाणी घालायच्या आधी कशा होत्या?"

"काचेवर चढून माझ्या बोटाकडं येत होत्या. रोजच्यासारख्या."

"आणि काल संध्याकाळी तुम्ही?"

"सहाला ज्ञानोबा गेला, मी मठात गेले. आमची पोथी चालू आहे. आठला आले." तिनं डोळे पुसले. "विष त्यानंच घातलं. नांदेडच्या एका गिऱ्हाइकाला आमचे प्रवाळ हवे होते. मी नाही म्हटलं, तर तोंड वाकडं केलं होतं त्यानं. मी त्याच्या तिन्ही गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं, हा माणूस घरात घेऊ नका. संध्याकाळी ठाण्यात तक्रार देणार आहे."

"संध्याकाळपर्यंत थांबा," रुद्राणी म्हणाली.

कोपऱ्यात एक टब होता. त्यात उरलेले चार दगड, जुन्या पाण्यात. एका दगडावरून दोन गोगलगायी आरामात सरकत होत्या. देविदासनं त्याही मोजल्या. जिवंत, दोन.

दीर मलप्पा आत आला तो आवाज चढवूनच. "डिटेक्टिव बाई आणली? वहिनी, गावात माणसाला प्यायला न्हाई आन् हितं माशांना आरओचं पाणी! लोक नावं ठेवून राहिलेत."

"पेटी गेली तर तुमची सोय होईल, असं ऐकलं," रुद्राणी शांतपणे म्हणाली.

"व्हईल की! हितं भाड्यानं राहणाऱ्या क्लासच्या पोरांच्या आठ खाटा बसतील. पन मला मारायचेच असते तर एक बादली गोडं पाणी बास हुतं, बाई. मासे वाचवून गोगलगायीच मारायला त्यांनी काय माझं कर्ज बुडवलंय?"

देविदासला हसू आलं. ते त्यानं खोकल्यात दडवलं.

"काल संध्याकाळी कुठं होता?"

"उदगीरला. जिल्हा हुणार म्हनून हवा हाय, जागा बघून राहिलोय. मुक्काम तिथंच, सकाळी नऊच्या गाडीनं आलो. हे तिकीट." त्यानं खिशातून तिकीट काढलं. "संशय घ्यायचाच तर ज्ञानोबावर घ्या. मोटारी रिवाइंड करायचं दुकान त्याचं. दिवसभर हातात तांब्याची तार."

रुद्राणी थबकली. मग देविदासकडं वळून म्हणाली, "काका, देवणीच्या पाणवठ्यावर गुरांच्या काळजात किडे व्हायचे, तेव्हा बाबा काय टाकायला लावायचे?"

"मोरचूद. किडे पसरवणाऱ्या गोगलगायी मरायच्या ना त्यानं. मासे राहायचे."

"आणि मोरचूद म्हणजे?"

"तांबंच की," देविदास म्हणाला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

मलप्पानं मांडीवर थाप मारली. "बघा! म्या काय म्हनलं?"

ज्ञानोबा फाटकाबाहेर लिंबाखाली उभा होता. चाळिशीचा, वाळकुडा माणूस. नांदेडहून आल्यापासून त्याला कुणी उंबरा ओलांडू दिला नव्हता. रुद्राणीनं आत बोलावलं तेव्हा तो आधी पेटीकडं गेला, मग माणसांकडं वळला.

"समुद्रफूल धरून हाय अजून," तो पुटपुटला. "बाई, मला आधी पाणी तपासू द्या. मग बेड्या घाला."

त्यानं पिशवीतून औषधाचे थेंब काढले. पेटीतलं थोडं पाणी वाटीत घेऊन त्यात टाकले. पाण्याला रंग चढला.

"तांबं," तो म्हणाला, आणि खाली बसला. "ह्ये माझ्यानं झालं न्हाई. मी बोटं लिंबानं घासून, तीनदा धुऊन हात घालतो. आन् हे बघा." त्यानं एक छोटी बाटली काढली. वर कालची तारीख. "पाणी कालवलं की वानगी काढून ठेवतो. रेवणसिद्ध अण्णांनी लावलेली शिस्त हाय." त्या पाण्यात थेंब टाकले. रंग चढला नाही.

"घरून भरून आणली असंल बाटली," मलप्पा म्हणाला.

"असेल," रुद्राणी म्हणाली आणि परसात गेली.

निळं पिंप रिकामं उभं होतं. तिनं आत हात घालून तळ चाचपला. बोटाला बारीक लाल गाळ लागला. तिनं बोट ज्ञानोबासमोर धरलं.

"आरओच्या पाण्यात गाळ?" तो चक्रावला. "शक्यच न्हाई, बाई."

बाजूला न्हाणीघर. दारात मोठं घंगाळ उपडं घातलेलं. रुद्राणीनं ते उलटलं. बाहेरून काळंमिचकूट, आतून नव्यासारखं लखलखीत. काठाखाली वीतभर अंतरावर पांढरी रेघ, तिला हिरवट कड. देविदासनं लिहून घेतलं, पण मनात म्हणाला, भांड्याकुंड्यांची यादी करायला आलोय का आपण?

देवघरात सासू नीलम्मा जपाला बसली होती. पंचाहत्तरीची, हाडं उरलेली, पण कपाळावर विभूती ठसठशीत. रुद्राणी तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"अव्वा, पेटीच्या पाण्यात तुम्ही काही टाकलंत?"

"शिव शिव! माझ्या लेकाच्या पाण्यात मी काय टाकीन गं?"

"तसं नाही. सहज विचारलं. पाण्याचे हाल आहेत ना. अंघोळीला तरी मिळतं का?"

"आज बादलीतनं दोन तांबे घेतले अंगावर. घंगाळाची अंघोळ चुकली. सासरी आल्यापासनं पहिल्यांदा."

"काल टँकर आला होता?"

"आला की, दिवेलागणीला. नऊ दिवसांनी! घराला एकच पिंप म्हनला मेला. आन् आमचं पिंप गेल्या हप्त्यात तडकलेलं."

रुद्राणीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

पाच वाजता सगळे दिवाणखान्यात जमले. दानम्माच्या हातात तक्रारीचा कागद होता.

"मासे जगले, गोगलगायी मेल्या," रुद्राणीनं सुरुवात केली. "मासे मारायला बसलेला माणूस असं निवडून मारत नाही. पण तांबं असंच निवडतं. ते आलं कुठून? ज्ञानोबांच्या हातातून म्हणावं, तर त्याच हातांनी तो टबही भरला. तिथल्या गोगलगायी फिरताहेत. कालच पेटीत पडलं म्हणावं, तर कोळंब्या सकाळी साडेसातला खेळत होत्या. म्हणजे तांबं आलं ते सकाळच्या पाण्याबरोबर."

"पाणी त्यानंच कालवलेलं!" मलप्पा म्हणाला.

"आरओचं. मग पिंपाच्या तळाला लाल गाळ कसा? टँकरच्या पाण्याला गाळ असतो. म्हणजे काल रात्री त्या पिंपात टँकरचं पाणी होतं. मग तेवढा वेळ माशांचं पाणी कुठं होतं?"

तिनं परसाकडं बोट केलं.

"घरात तेवढं मोठं भांडं एकच. तांब्याचं घंगाळ. आतून घासलेलं, काठाखाली मिठाची रेघ, आणि हिरवी कड. ती कड तांब्यात मीठ मुरल्याशिवाय येत नाही. आणि ज्यांची अंघोळ रोज त्या घंगाळातून होते, त्यांनी आज बादलीतून केली."

सगळ्यांच्या नजरा नीलम्माकडं वळल्या. म्हातारी उभी राहिली.

"टँकरवाला थांबंना. पिंप एकच. माझ्या लेकाचं पाणी फेकून देऊ का? चिंच लावून घंगाळ आतनं घासलं, त्याच्यात ठेवलं. देवाचं पाणी आपण तांब्यातच ठेवतो की. पहाटे टँकरचं पाणी हंड्यांत गाळलं, पिंप हिसळलं, जसंच्या तसं परत भरलं. दानम्माला काय सांगायचं होतं त्यात?" तिनं पेटीकडं बघितलं. "म्या मारलं होय ते?"

दानम्मा धावत जाऊन तिला बिलगली. "अव्वा, मला वाटायचं तुम्हाला ही पेटी डोळ्यांपुढं नको."

"नकोच हुती. त्यो माझ्यापेक्षा जास्त बोलायचा तिच्याशी." म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. "पन त्येची हाय ना."

"अव्वा," रुद्राणी म्हणाली, "चिंचेनं घासलेल्या तांब्यात गोडं पाणी अमृत होतं. खारं पाणी मात्र तांबं ओढून घेतं, आणि ते या जिवांना सोसत नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. यात पाप नाही." मग ज्ञानोबाकडं वळून म्हणाली, "बोला, समुद्रफूल वाचेल?"

"तांबं ओढून घेणारा कोळसा हाय माझ्याकडं. अर्धं पाणी आत्ता बदललं, तर वाचंल. पन दोनशे लिटर आरओचं पाणी लागतंय."

दोनशे लिटर. लातुरात. त्या उन्हाळ्यात.

मलप्पानं डोकं खाजवलं. "क्लासच्या पोरांसाठी म्या दहा जार साठवून ठिवलेत. पोरांना सांगतो, आजचं धुणं उद्या करा अन् पियाला उद्याची गाडी येईस्तोवर हंड्यातलं गाळून घ्या." मग देविदासकडं बघून गुरकावला, "हसता काय? उचलू लागा!"

त्या संध्याकाळी मलप्पा, देविदास आणि ज्ञानोबा यांनी दहाच्या दहा जार वाहून आणले. मीठ कालवलं गेलं, प्लास्टिकच्या टबात, आणि ते ढवळायला नीलम्मा स्वतः बसली. लाकडी दांडा तिनं कुणालाही दिला नाही.

मंगळवारी प्रवाळांच्या कडा हलल्या. बुधवारी दुपारी देविदास चौकशीला गेला, तर दारातूनच त्याला दानम्माची हाक ऐकू आली. समुद्रफूल उघडलं होतं! ताटाएवढं नव्हे, पण बशीएवढं नक्की. नारिंगी मासा त्यात शिरून लोळत होता. मलप्पा क्लासच्या पोरांना रांगेनं आणून दाखवत होता आणि पेटीची माहिती अशी सांगत होता, जशी काही ती त्यानंच मांडली होती. ज्ञानोबा काचेपाशी बसून नुसता हसत होता.

"नवीन गोगलगायी मी आणतो, वहिनी," तो म्हणाला. "फक्त बोलावणारं कुणी राहिलं तर. तिघंही फोन उचलंनात."

दानम्माचा चेहरा उतरला. "उचलतील. मी सांगीन त्यांना. फोनवर नाही. ज्या दारात तुमचं नाव घालवलं, त्या दारात उभी राहून."

"अहो, एक हितं लातुरात, पन एक भोकरला, एक नांदेडला हाय. या उन्हात कुठं..."

"सांगीन," ती म्हणाली, आणि विषय तिथंच थांबला.

गुरुवारी पहाटे देविदास दुधाला निघाला, तेव्हा बसस्थानकाच्या कोपऱ्यावर त्याला दानम्मा दिसली. इष्टलिंगाची पूजा आटोपून, कपाळी ओली विभूती, हातात पाण्याची बाटली. नांदेडची गाडी लागली होती. तिनं देविदासला पाहिलं नाही. पदर सावरून ती गाडीत चढली आणि खिडकीपाशी बसली. कंडक्टर आला, तेव्हा हळू आवाजात विचारलं, "नांदेडहून पुढं भोकरची गाडी किती वाजता मिळते हो?"