खालून चढणारं पाणी

"अजून दोन हात सोड," धम्मशीला म्हणाली आणि हर्षलनं होडीतून दोरी सोडली.

दोरीला दगड बांधलेली बाटली होती. बुचाची सुतळी ओढली की बाटली खोलवरचं पाणी भरून घेई. ही भावंडं सुट्टीत देऊळघाटला जनकामावशीकडे आली होती. सकाळीच शेजारच्या छकुलीनं त्यांना दाखवलं, की तलावाच्या या काठाला तरंगसुद्धा नाही, तरी पाण्यात सोडलेल्या जाळीच्या पिंजऱ्यातली बोटुकली वर येऊन तोंडं उघडताहेत.

मावशी आणि तिच्या बचत गटातल्या बायांनी ही माशांची पिल्लं वाढवली होती. दोन दिवस पश्चिमेचा वारा सुटला होता, म्हणून मत्स्य सोसायटीच्या नारायणरावांनी पिंजरा पश्चिम काठाला, टेकडीच्या आडोशाला बांधायला लावला होता.

बाटली वर आली. पाणी गार होतं, त्याला सडक्या अंड्यासारखी घाण येत होती. असं पाणी सकाळी बारा हातांवर लागलं होतं, दुपारी आठ हातांवर. आता सहा. पिंजरा चार हात खोल होता.

"काऊन वर येऊन राह्यलं ते?" छकुलीनं हळूच विचारलं.

हर्षल सायकलनं तलावाच्या पूर्वेकडच्या बांधाच्या भिंतीवर जाऊन मोजून आला. तिथं पंधरा हातांवरही पाणी कोमटच! मग धम्मशीलाच्या ध्यानात आलं. वारा वरचं कोमट पाणी तिकडे लोटत होता आणि त्याच्या भारानं खालचं, प्राणवायू नसलेलं पाणी इकडे चढत होतं. लाट होती, पण खाली.

पिंजरा पूर्वेला हलवा म्हटल्यावर नारायणराव चहा पीत हसले. "पोट्टेहो, वारा नाही तिथं धोका काहाचा? तिकडे लाटांनी जाळी फाटन."

छकुलीनं वाद घातला नाही. तिनं एक मासा छोट्या जाळीत घालून सहा हात खाली सोडला आणि म्हणाली, "काका, चहा झाला की तुम्हीच ओढा."

नारायणरावांनी ओढला. मासा उलटा झाला होता. ते कप ठेवून होडीकडे धावले.

अंधार पडायच्या आत पिंजरा पूर्वेला नेला. लाटा आपटत होत्या, पण दुहेरी दोरांनी जाळी टिकली. सकाळी पश्चिम काठ मेलेल्या माशांनी पांढरा झाला होता. पिंजऱ्यातली बोटुकली मात्र चपळ होती. मावशीनं तिघांना जवळ ओढलं.

"चाळीस साल हा तलाव पाहून राह्यलो," नारायणराव बायांसमोर म्हणाले. "पण या पोट्ट्यांनी तो मोजला."

तेवढ्यात वारा पडला. पाणी आरशासारखं झालं.

"काका," धम्मशीला म्हणाली, "लोटणारं कोणी नाही आता. खालचं पाणी परत फिरून पूर्वेला चढेल. इकडे."

कोणी हसलं नाही. नारायणराव होडीत बसले आणि स्वतःच दोरीला दगड बांधू लागले.