केस विंचरायचा अलार्म

वाशीमच्या अश्वजितच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तेव्हा दुसरं एकही गिऱ्हाईक नव्हतं, आणि तिथंच त्याची पंचाईत झाली. समोरच्या मुलीवरून नजर वळवायची तरी कुठं?

"ह्याच्यात जुनं व्हर्जन टाकून द्या," अनसिंगच्या नीलिमानं फोन काउंटरवर ठेवला. "काल अपडेट केला, अन् आत्याची गाणी उघडूनच नाई राह्यली. जुन्या ॲपात हायेत. गळ्याच्या ऑपरेशनपासून आत्याले गाता नाई येत..."

कंपनीनं जुन्या व्हर्जनवर मागं जायची वाटच बंद केली होती. बळजबरी केली तर फोन कायमचा मरणार, गाणीही जाणार. अश्वजितला हे पक्कं ठाऊक होतं. पण तिनं कपाळावरची बट मागं सारत वर पाहिलं, आणि हा शहाणा बोलून गेला — "होते ना! फोन राहू द्या, उद्या या."

ती आली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्याही. चार दहाच्या एसटीनं. "डॉक्टर, पेशंट वाचते का नाई?" ती हसून विचारायची आणि तो उगाच स्क्रूड्रायव्हर शोधायला लागायचा.

चौथ्या दिवशी ती दोनच्याच गाडीनं आली. आता मात्र त्याला राहवेना.

"मागं जाताच येत नाई. मले पयल्याच दिवशी माईत होतं."

"मंग काहून बोलावलं?" ती उसळली. "मी आत्याले सांगून बसली ना, गाणी येऊन राह्यली म्हणून!"

खिशातला स्वतःचा फोन त्यानं पुढं सरकवला. पाच वर्षांत अपडेट न केलेला. सकाळपासून खपून त्यानं तिची सगळी गाणी त्यात उतरवली होती.

"ह्याच्यात वाजतात. न्या... तुमचाच समजा."

आत्याचा खणखणीत आवाज दुकानभर पसरला. नीलिमाला रडूच कोसळलं. एक गाणं, मग दुसरं... किती वेळ गेला, दोघांनाही कळलं नाही.

मध्येच गाणं थांबलं, अलार्म वाजला. तिनं वाचलं — 'चार वाजले. अनसिंगची गाडी येईल. केस विंचर.'

अश्वजितचे कान लाल झाले. "ते... मी..."

"खोटं पुन्हा बोलाचं नाई," ती डोळे पुसत म्हणाली. "कबूल?"

"कबूल. पण आज तुमी दोनच्या गाडीनं कशा?"

"हे आत्ता विचारून राह्यले!" तिनं त्याचा फोन पर्समध्ये टाकला. अलार्म तसाच ठेवून. दारात जाऊन वळली.

"उद्यापासून हा माह्याजवळ वाजन. मंग तुमाले केस विंचराची आठवण कोण देईन?"

"...कोण?"

"मीच येऊन देईन ना!"