पुसलेलं टिंब

आर्णीच्या कम्प्युटर सेंटरात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला नवे सर आले, नेमकी त्याच दिवशी दिपाली उशिरा पोचली. तीही थेट शेतातून, ओढणीला चिकटलेला कापूस घेऊन! घाईघाईत तिनं प्रोग्राम कंपाइल केला. एक चूक नाही. पण चालवायला गेली, तर पडद्यावर उत्तर आलं... मेन क्लास, म्हणजे प्रोग्रामचा गाभाच, सापडत नाही.

"इथंच त हाये न!" ती पुटपुटली.

"हाये. पन त्याले दिसून नाही राह्यला." नवे जीवन सर स्टूल ओढून शेजारी बसले. "क्लासपाथ म्हंजे प्रोग्राम कुठं शोधाचा त्या पत्त्यांची यादी. तिथं तू तयार कोडच्या लायब्ररीचा पत्ता देला. बाहेरचा पत्ता देला, की हे सोताच्या घरात पाहतच नाही. म्हनून शेवटी एक टिंब लावाचं. टिंब म्हंजे इथंच... आपल्यापाशी."

टिंब लावलं, प्रोग्राम चालला.

"आन इथं कापसाची खरेदी होत नाही, बरं!" ओढणीकडे पाहत ते हसले. दिपाली लाजून चूर झाली.

तेव्हापासून तिचं टिंब रोज गळू लागलं. म्हणजे तीच ते पुसायची आणि साळसूदपणे हात वर करायची. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात, ते हेच! सर यायचे, स्टूल ओढायचे, तेच पुन्हा समजावायचे. चार महिन्यांत एकदाही चिडले नाहीत.

मग कळलं, सरांना पुण्यात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी दिपालीनं ठरवलं, आज ते शेजारी बसले की मनातलं बोलायचंच. तिनं टिंब पुसलं. इतक्यात सरांनी सगळ्यांना सांगितलं, "आता क्लासपाथची कटकट नाही. सगळ्या मशीनवर मी एक फाइल टाकली. तेच टिंबासगट रस्ता लावते. फक्त ते दाबा."

तिनं दाबली. प्रोग्राम सुरळीत चालला. हात वर करायला कारणच उरलं नाही.

सगळे गेले तरी ती बसून राहिली. सर जवळ आले, पण स्टूल ओढलं नाही.

"काहून केलं हे?" तिनं विचारलं.

"मी गेल्यावर तू अडू नये म्हनून. तुयं टिंब कोन पुसते, मले दुसऱ्याच दिवशी समजलं होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो, त तू बोलावलं असतं का मले? वाटलं, तूच बोलशीन एक दिवस..." ते थांबले. "मायनं मामाच्या पोरीसाठी शब्द देला होता. मी टाळत होतो. मागच्या आयतवारी हो म्हटलं."

"मी आज बोलनार होती, सर —"

"मले वाटलं, तुया मनात नुसता खेळ हाये."

जाताना त्यांनी तिच्या ओढणीवरचा कापसाचा एक तंतू हलकेच उचलला, खिशात ठेवला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दिपालीनं ती फाइल उघडली. शेवटचं टिंब पुसलं. मेन क्लास सापडत नाही... सवयीनं तिचा हात वर गेला. कोणी आलं नाही.

शेवटी टिंब तिनंच लावलं. प्रोग्राम चालला, आणि दिपालीला रडू आवरेना.