पाण्याखालचा दिवा

दिवस मावळताच चारीने नेहमीप्रमाणे दिवा पाण्यात सोडला आणि त्याच्या शेजारून पंपाची नळी उतरवली. कास्पियनवर किलका अशीच धरतात. चिमुकली रुपेरी मासळी उजेडापाशी गोळा होते आणि नळी तिला ओढून घेते. आजही ती मिळाली नाही, तर उद्या चारीची बोट भंगारात जाणार होती.

"आपा, तुझ्या पाहुण्याला आता निघ म्हणावं," तो थोरल्या बहिणीला म्हणाला.

"तुर्कमेनाच्या घरी पाहुण्याला कधी जाणार म्हणून विचारतात का?" ओगुलनाबातने टोला दिला.

"आपलं ताट चाटूनपुसून खाल्लं मेल्यानं," म्हातारा खलाशी हेमरा हसला, "आणि वर साधा ढेकरही नाही!"

पाहुणा म्हणजे कुठल्याशा परमुलखी जहाजाने तोल राखायला तळाशी भरलेल्या पाण्यातून आलेला, जेलीफिशसारखा दिसणारा, काचेच्या अंगाचा, मेंदू नसलेला जीव. किलकाचे खाद्य त्याने फस्त केले. मग तिची पिल्लेही. सागरी जीवांच्या अभ्यासक ओगुलनाबातने हे वेळीच कळवले होते. राजधानीतील विद्वानांनी त्यास 'तात्पुरती घटना' असे नाव दिले. नाव दिले की कर्तव्य संपते, अशी त्यांची श्रद्धा असावी.

पंपातून नुसता पारदर्शक लगदा आला. चारीने दिवा वर ओढून विझवला.

पाणी मात्र उजळलेलेच राहिले.

ओगुलनाबात वाकली. फार खोल, निळसर उजेडाचा एक गोळा स्थिरावला होता. डिवचल्यावर हे जीव चमकतात, हे तिला ठाऊक होते. पण तिथे डिवचणारे काहीच नव्हते. असंख्य देह एकमेकांत बसून त्यांचा एकच दिवा झाला होता. त्याच्या शेजारून एक लांब, पोकळ, काळोखी नळी संथपणे वर येत होती. इतके सुंदर तिने आयुष्यात काही पाहिले नव्हते. वर्षानुवर्षे जपलेला संताप कधी निवला, ते तिला कळलेही नाही.

लाटांचा आवाज थांबला.

हेमरा कठड्यापाशी गेला. मग इंजिनवाला. मग चारी.

"कुठे निघालास?"

"बोलावलंय, आपा," तो हळुवारपणे म्हणाला. "नाही कसं म्हणायचं?"

तिने दोन्ही हातांनी त्याचा कमरपट्टा धरला. तोवर हेमराची जागा रिकामी झाली होती. पाण्यावर तरंगही नव्हता.

कठड्याखाली बूट ओळीने काढून ठेवले होते, परक्या घराच्या उंबऱ्याशी ठेवतात तसे.

शेवटचा जोड तिचा होता.