सहाही डाव बरोबर

"मावशी, इतकी वर्षं पत्ते वाटलेत, एकदाही लबाडी केली नाहीत?"

शाळेतल्या मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून सिन-यीने विचारून टाकलं, आणि विचारल्यावर तिचेच कान लाल झाले. इयोंग मावशींनी कोमट पाण्याच्या बादलीतून पाय काढले नाहीत. मकावच्या कॅसिनोत अर्धं आयुष्य बाकारा या पत्त्यांच्या जुगाराच्या टेबलामागे उभं राहून त्या पायांच्या शिरा टरारल्या होत्या. आता त्या खाजगी तपास करत. बहुतेक वेळा हरवलेले नवरे शोधून देत.

"लबाडीला अंगात ताकद लागते गं. बस. वडिलांचं काय म्हणत होतीस?"

सिन-यी बसली आणि नळ सुटावा तशी सुटली. को मास्तर म्हणून एक गृहस्थ रोज सकाळी बाबांना फोन करतात. दुपारी अमुक टेबलावर नवे पत्ते लागले की पहिला डाव बँकरचा की प्लेअरचा, दोन बाजूंपैकी कोणती जिंकणार, ते आधीच सांगतात. बरोबरी झाली तर पुढचा डाव धरायचा. बाबा पैसे न लावता नुसते बघून येतात. सोमवारपासून आज शनिवारपर्यंत मास्तर एकदाही चुकले नाहीत. उद्या बाबा पेजेचं दुकान गहाण टाकून सगळा पैसा मास्तरांच्या हाती देणार, मास्तर तो लावणार. दुकान चालवते आई, पण कागदावर नाव बाबांचं. आणि आईला भांडायचंही त्राण उरलेलं नाही.

"पत्ते वाटणारा सामील आहे," ती म्हणाली. "उघड आहे."

मावशींनी पाय पुसले.

पत्ते वाटणारा हाओ कॅसिनोमागच्या गल्लीत जांभया देत सिगारेट ओढत होता. आठ जोड पत्ते यंत्र पिसतं, कापायला गिऱ्हाईकाला देतात, आणि आपण कोणत्या टेबलावर उभं राहणार हे कामावर आल्यावरच कळतं, असं त्याने सांगितलं. त्या टेबलावर आठवडाभरात पत्ते वाटायला एकच माणूस दोनदा आला नव्हता. सिन-यीचा तर्क तिथेच बुडाला.

मग ताम काका, मासळीवाले, बाबांचे चहाचे सोबती. बुधवारपासून ते चहाला फिरकले नव्हते. सिन-यीला त्यांनी जवळ येऊ दिलं नाही.

"लांब उभी राहा पोरी. माझं नशीब फिरलंय, तुला लागेल."

मास्तरांचा फोन त्यांनाही यायचा. बुधवारचा डाव चुकला, तेव्हापासून बंद. कोणाला बोलले नाहीत. हरलेल्याने चारचौघांत बसू नये, एवढी रीत त्यांना कळत होती.

"पण बाबांना तर बुधवारी बरोबर सांगितलं होतं," सिन-यी पुटपुटली. "काकांनी ऐकण्यात चूक केली असेल."

संध्याकाळी मावशींनी बाबांना एकच गोष्ट विचारली: मास्तरांचा आवाज कसा असतो? सोमवारी पार बसलेला होता, बाबा कौतुकाने म्हणाले, मग रोज खुलत गेला, आज तर घंटेसारखा. ध्यानाचा प्रताप.

रविवारी सकाळची गर्दी ओसरल्यावर को मास्तर दुकानात आले. मावशी ताम काकांना दंडाला धरून घेऊन आल्या आणि बाबांच्या शेजारी बसवलं. बाबांनी आपली खुर्ची लांब सरकवून घेतली.

"हेच," मावशी दमल्या सुरात बाबांना म्हणाल्या. "याच्यावरच धंदा चाललाय. बुधवारी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"बँकर."

"ताम, तुम्हाला?"

"प्लेअर," काका खाली बघत म्हणाले.

सिन-यीच्या हातातलं फडकं थांबलं.

"बँकर प्लेअरपेक्षा किंचित जास्त वेळा जिंकतो, म्हणून कॅसिनो त्याच्या जिंकण्यातून कमिशन कापतो. विद्या तिथे संपली. पुढचं ओळखता कोणालाच येत नाही, आणि मास्तरांना ओळखायचं नव्हतंच. सोमवारी साठेक लोकांना फोन. निम्म्यांना बँकर, निम्म्यांना प्लेअर. चुकलेले गळाले, उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. सोमवारी साठ जणांशी बोलून घसा बसला. शनिवारी फोन करायला दोघंच उरले, मग आवाज खुलणारच. एरवी हे दुसऱ्या दिवशीच फुटलं असतं. पण आपल्याकडे हरलेला तोंड लपवतो आणि जिंकणारा त्याच्याजवळ बसत नाही."

"मी कोणाचा एक पैसा घेतलेला नाही," मास्तर शांतपणे म्हणाले.

"अजून. आज जिंकलात तर तुमचा वाटा, हरलात तर यांचं नशीब."

मास्तरांनी टोपी उचलली आणि ते निघून गेले. आपलं नशीब फिरलंच नव्हतं हे कळून ताम काका गदागदा हसू लागले. आई स्टुलावर टेकली.

बाबा मात्र दाराकडे बघत होते. "साठ जण," ते हळूच म्हणाले. "आणि शेवटपर्यंत मीच उरलो. याचा अर्थ काय होतो? मास्तर खोटे असतील, नशीब तर माझंच खरं ना?"

मावशींनी डोळे मिटले. असं त्यांनी टेबलामागून फार ऐकलं होतं.

सिन-यीने आईकडे पाहिलं. आई पुन्हा उठायच्या बेतात होती. सिन-यीने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं, भिंतीवरचा एप्रन काढून स्वतः बांधला आणि बाबांसमोर उभी राहिली.

"बाबा, आई, दोघंही ऐका. दुकान आईच्या नावावर होईपर्यंत मी शाळेत पाऊल टाकणार नाही."