पुढच्या वळणावरचा आवाज

पोरांनो, शेकोटीत अजून एक ओंडका सरकवा. उद्या तुम्ही त्याच घळीत उतरणार, म्हणून सांगतो. एरवी मी हे तोंडातून काढत नाही.

वर्ल माझा शेजारी. हँक्सव्हिल गावात आमच्या दोन घरांमध्ये एकच कुंपण. वर्ल, डेल्विन आणि रूलन हे शाळेपासूनचे दोस्त. पुढे नोकऱ्या तीन गावांना लागल्या, तरी दर ऑक्टोबरात शनिवार-रविवार पाठीवर सामान टाकून तिघं लाल कड्यांत उतरायचे. एकतीस वर्षं. पन्नाशीनंतर रूलनचा गुडघा गेला, पण यायचं त्यानं सोडलं नाही. मी नसलो तर तुम्ही दोघं करपलेलं खाऊन मराल, म्हणायचा.

१४ ऑक्टोबर २०१७, शनिवार. चंद्र पहाटेपर्यंत उगवणार नव्हता. कड्याच्या पोटाशी त्यांनी तंबू ठोकले आणि संध्याकाळी साडेसहाला डेल्विन पाणी आणायला निघाला. झरा कोरड्या नाल्यानं खाली, वीस मिनिटांवर. वाटेत झोपू नकोस, असा रूलननं टोमणा मारला. तिघंही हसले.

आठ वाजले तरी डेल्विनचा पत्ता नाही.

वर्लनं बॅटरी उचलली. रूलनला म्हणाला, "तू जागचा हलू नकोस."

"या गुडघ्यानं कुठे जातोय मी, लेका. तुम्ही दोघं या, तोवर कोको करून ठेवतो."

झऱ्यापाशी बाटल्या होत्या. भरलेल्या, झाकणं घट्ट लावलेल्या. डेल्विन नव्हता. तेवढ्यात बाजूच्या कपारीतून त्याचा आवाज आला, "वर्ल, इकडे ये. पाय अडकलाय."

वर्ल कपारीत शिरला. दोन्ही खांदे कातळाला घासत होते. वळण घेतलं. तिथे कुणी नाही. पुढच्या वळणावरून आवाज, "इकडे..." तो पुढे गेला. पुन्हा तेच. असं किती वेळा झालं, त्यालाही सांगता आलं नाही. पाय अडकलेला माणूस पुढे पुढे कसा सरकतोय, हे त्याच्या लक्षात यायला फार वेळ लागला.

लक्षात आलं, तसा तो थांबला. बॅटरी विझवली. श्वास धरला.

पुढून आवाज आला. शांत. अगदी डेल्विनचाच.

"थांबलास का?"

वर्ल एक पाऊल मागे सरकला.

मग मागून... खांद्यावर हात पडला.

"बोलू नकोस," कानाशी कुजबुज झाली. हा डेल्विन होता. धापा टाकत होता, घामानं निथळत होता. "दीड तास मी तुझ्या आवाजामागे फिरतोय. पाय अडकलाय, म्हणून तूच हाका मारत होतास."

दोघांनी एकमेकांची मनगटं धरली आणि उलटे फिरले. बॅटरी नाही. शब्द नाही. त्यांच्या पाठीमागे दोन माणसं बोलू लागली. हळू, हसतखेळत. एक आवाज वर्लचा, एक डेल्विनचा.

मग ते आवाज डोक्यावरून, कड्यावरून, पुढे गेले. तंबूंच्या दिशेनं.

दोघं धावत सुटले. पडले, उठले. शेकोटी लांबूनच दिसली. चांगली पेटलेली.

रूलन नव्हता.

दोघांनी हाक मारली नाही. हाक मारायची हिंमतच उरली नव्हती त्यांच्यात.

रविवारी आम्ही बाराजण दोर घेऊन उतरलो. सोमवारी दुपारी रूलन सापडला, नाल्यापलीकडच्या दुसऱ्या घळीत, उंच कड्याच्या तळाशी. त्याचा देह वर उचलून आणणाऱ्यांत मीही होतो. अंधार, अधू गुडघा, पाय घसरला, असं शेरीफनं लिहिलं. त्याच्या जागी मी असतो तरी तेच लिहिलं असतं. आवाजांचं त्यानं ऐकून घेतलं, पण कागदावर घेतलं नाही.

एक गोष्ट मात्र वर्लनं त्यालाही सांगितली नव्हती. सहा वर्षांनी, कुंपणाशी उभं राहून, मला सांगितली. माझ्याकडे न बघता.

त्या रात्री शेकोटीजवळ कोकोचे तीन मग होते. रूलनचा काठोकाठ भरलेला, साय धरलेला. त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन...

अर्धे प्यालेले होते.