कवयित्रीनं ज्याला सांगितलं नाही

सायरन वाजला तेव्हा हॅझेल जिन्यातच अडकली होती. लिफ्ट बंद, आणि व्हीलचेअरमध्ये म्हाताऱ्या इरेनाबाई. घाईत हॅझेलला खुर्चीचा ब्रेकही सुटेना.

"थांबा, मी पुढून धरतो," खालून आवाज आला. एसीवाल्याचा निळा युनिफॉर्म, कपाळावर घाम.

"जपून हं… जेजू, वाचव रे!"

"येशूला जेजू? वसईच्या का तुम्ही?"

"निर्मळची. आधी पाय बघा — पडाल!"

"मी नंदाखालचा. सॅम्युअल. आता पडलो तरी गावातच पडल्यासारखं वाटेल."

इतक्या भीतीतही तिला हसू फुटलं.

त्या आठवड्यात हल्ल्यांमुळे आखातातल्या जनाबियातल्या त्या इमारतीचं बेसमेंट रोज भरायचं. हॅझेल इरेनाबाईंची नर्स, सॅम्युअल इमारतीचे एसी सांभाळायचा. लांब कुठं धडाम झालं की तिची बोटं गार पडायची. तो आपली पाण्याची बाटली पुढे करायचा. बोटांना बोटं लागायची… ती पटकन खाली बघायची.

पोलंडच्या इरेनाबाई मात्र शांत असत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मावशीची गोष्ट सांगितली. मावशी ज्यू, कवयित्री. नाझींपासून लपून अकरा जणं एका तळघरात राहत होती. लिहायला कागद नव्हता, म्हणून तिनं प्रत्येकाकडून एकेक कविता पाठ करून घेतली. पुढे ती पकडली गेली, मारली गेली. चौघं वाचली. जगात तिच्या चारच कविता उरल्या.

"एक माझ्या आईकडे होती, एक तळघरातल्याच याकुबकडे. 'भीती, जरा सरकून बस, इथं कुणीतरी येणार आहे.' सभांमधून तो ती म्हणायचा आणि विचारायचा, हा 'कुणीतरी' कोण असेल?"

"कोण होता?" हॅझेलनं विचारलं.

"याकुबच! मावशीला सांगायचा धीर झाला नाही. आईनं सांगितलं तेव्हा तो ऐंशीचा होता. त्यानंतर त्यानं ती कविता कधीच म्हटली नाही."

सॅम्युअल हॅझेलकडे बघत होता. तिनं नजर वळवली.

चौथ्या दिवशी भर दुपारी सायरन झाला. सगळे खाली आले, सॅम्युअल नाही. फोन लागेना. वॉचमन म्हणाला, "वो तो छत पे है, मशीन खोल के बैठा है."

हॅझेल उठली, पण व्हीलचेअरकडे बघून थबकली.

"जा," इरेनाबाई म्हणाल्या. "मी कुठं पळून जाणारेय?"

ती सहा मजले धावत चढली. शेवटच्या वळणावर तो समोरून उतरताना धडकलाच.

"वेडी आहेस का? वर कशाला आलीस?"

"तू खाली नव्हतास! मला… मला फार भीती वाटते, सॅम्युअल. बॉम्बची वाटते, पण तुझ्याशिवाय तिथं बसायची त्याहून जास्त. तू आवडतोस मला. खलास! सांगून टाकलं."

इमारत किंचित हादरली, काचा वाजल्या. त्यानं तिला भिंतीशी ओढून घट्ट धरलं.

"तीन दिवस शब्द जुळवतोय मी," तो म्हणाला. "गावी आईलाही सांगून झालं. फक्त तुलाच सांगायचं राहिलंय."

"मग सांग ना…"

"खाली गेल्यावर?"

"नाही. आत्ता."

आणि त्यानं सांगितलं. त्या सायरनच्या कल्लोळात दुसऱ्या कुणाला काही ऐकू गेलं नसतं. तिनं मात्र प्रत्येक शब्द ऐकला.